इंगळांवर बड्याचा रोस्ट: बाजारापासून ताटापर्यंत

बाहेरून कोळसा, आतून कच्चं आणि दाताखाली चामडं. अंगणात लाकडं पेटवून बड्याचा अख्खा तुकडा भाजायला घेतला की बहुतेक घरांत हेच होतं, आणि मग सगळे मसाल्याला बोल लावतात. पुढच्या वेळी मसाला बदलतात, पपई वाढवतात, तुकडा आधी कुकरला लावून घेतात. आगीकडे कुणी बघत नाही. आपल्याला कोकणात जाळावर तवा ठेवायची आणि थंडीत पोपटी लावायची सवय. पोपटीच्या मडक्याला चारी बाजूंनी भडका देतात आणि ती तासाभराच्या आत होते, कारण आत शेंगा, अंडी, कोंबडीचे छोटे तुकडे असतात आणि आगीच्या नि त्यांच्या मध्ये मातीचं मडकं असतं. दोन किलोच्या सलग मांसाला तो जाळ चालत नाही. त्याला इंगळ, म्हणजे धगधगते निखारे, लागतात, तेही एकाच बाजूला, आणि चार-पाच तास लागतात.

बडं म्हणजे इथे म्हशीचं मांस. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हैस त्यात येत नाही. मांस परवान्याच्या दुकानातूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. बाहेरच्या देशांतल्या पाककृतींमध्ये ज्या वेळा दिलेल्या असतात त्या चरबीदार गोमांसाच्या असतात. म्हशीचं मांस गडद लाल, त्याची चरबी पांढरी आणि मांसाच्या आत तर चरबी फारच थोडी. शिवाय आपल्याकडे बाजारात येणारं जनावर बरेचदा वय झालेलं असतं. खालच्या सगळ्या वेळा या मांसाच्या हिशेबाने आहेत.

## १. दोन दिवस आधी: खरेदी

सकाळी आणलेलं मांस दुपारी आगीवर चढवणं ही पहिली चूक, आणि तिची भरपाई पुढे कशानेच होत नाही. जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू आखडतात. त्या अवस्थेत शिजवलेलं मांस रबरासारखं लागतं. मोठ्या जनावरात हा ताठरपणा सुटायला किमान एक दिवस जातो. दोन दिवस दिले तर फरक दाताला कळतो. ‘जितकं ताजं तितकं चांगलं’ हा माशांचा नियम. बंदरावरचा बांगडा तासाभरात तव्यावर गेला पाहिजे, पण तो हिशेब बड्याला लावू नका.

दोन दिवस मांस फ्रीजच्या सगळ्यात खालच्या, थंड खणात, ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली ठेवा. वीज जाते-येते अशा गावात मच्छीची थर्माकोलची पेटी आणि बर्फ कामाला येतो. तुकडा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून तो डबा बर्फात पुरा. वितळलेलं पाणी मांसाला लागता कामा नये, आणि पेटीला माशांचा वासही नको.

आता तुकडा कोणता घ्यायचा? दुकानात “रोस्टसाठी द्या” एवढंच सांगितलं तर बहुधा पुठ्ठा, म्हणजे मागच्या मांडीचा भाग, हातात पडतो. सलग, बिनहाडाचा, दिसायला सुंदर. लांब भाजणीसाठी मात्र तो मला सगळ्यात कमी आवडतो. त्यात चरबी नाही आणि शिजल्यावर जी मऊ, चिकट होते ती शिरांची पांढरी जाळीही कमी. तासन्‌तास आगीजवळ ठेवला तर तो भुशासारखा कोरडा होतो. मागायचं असेल तर असं मागा:

खांदा: दोन किलोचा एकच सलग तुकडा, मधून पांढऱ्या रेषा गेलेल्या, वर चरबीचा थर असेल तर तो न काढता. लांब भाजणीला हाच पहिला.

सीना (छातीचा भाग): तोही चांगला, पण पसरट असतो, म्हणून गुंडाळून बांधावा लागतो.

अंडरकट: पाठीच्या कण्याखालची लांबट पट्टी, एक ते दीड किलो. याची रीत पूर्ण वेगळी आहे. ती सातव्या टप्प्यात.

पुठ्ठाच मिळाला तर दुकानदाराकडून चरबीचा एक पातळ पापुद्रा मागून घ्या आणि तो वरून बांधा.

तपासा: तुकडा सगळीकडे साधारण सारख्या जाडीचा आहे ना? एका टोकाला दोन इंच आणि दुसऱ्या टोकाला पाच इंच असेल तर बारीक टोक आधी करपणारच. ते टोक आत दुमडून बांधा. बांधायला सुती दोरा किंवा केळीच्या सोपटाची दोरी वापरा आणि आधी पाण्यात भिजवा. किनाऱ्यावरच्या घरात हाताशी नेहमी जाळ्याचा नायलॉनचा धागा असतो. तो वितळून मांसात उतरतो, तो नकोच.

## २. लाकूड: इथेच निम्मं काम बिघडतं

बकरी ईद २०२३ मध्ये २९ जूनला आली, २०२४ मध्ये १७ जूनला, २०२५ मध्ये ७ जूनला. म्हणजे ऐन पावसात किंवा पावसाच्या तोंडावर. २०२३ ला आमच्या घरी खांद्याचा उत्तम तुकडा आणला होता, दोन दिवस मुरवला होता. लाकडं पडवीतच होती, पण वळचणीच्या बाजूला. आठवडाभर पावसाची झड त्यांच्यावर येत होती. वरून कोरडी वाटली म्हणून लावली. दोन तास घट्ट पांढरा धूर निघाला. मांसावर काळसर तेलकट थर चढला, त्याची कडवट चव घशापर्यंत जात होती. वरचा अर्धा इंच तासून टाकला तरी आतून वास गेला नाही. पाहुण्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि मला ते आजही लागून आहे. तेव्हापासून मी मांसाच्या आधी लाकूड बघतो.

लाकूड किमान एक पूर्ण उन्हाळा वाळलेलं हवं. दिवाळीनंतर तोडलेलं, फोडून ठेवलेलं लाकूड उन्हाळा संपताना वापरायला येतं. पावसाळ्याची बेगमी करताना रोस्टसाठीची मोळी वेगळी काढा आणि घरातल्या चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवा. धुराच्या उबेत ती खणखणीत राहते. आमचे मामू दोन फोडी कानाजवळ धरून एकमेकींवर आपटायचे. ‘ठण्ण’ असा मोकळा आवाज आला तर एक बाजूला, ‘थप्प’ असा दबका आला तर दुसऱ्या बाजूला. पाच मिनिटांत अख्खी मोळी निवडून व्हायची. मी अजून तसंच करतो आणि ते कधी चुकलेलं नाही. दुसरी खूण म्हणजे फोडीच्या टोकांना मधून बाहेर गेलेल्या चिरा, आणि नखाने सहज सुटणारी साल.

कोणतं लाकूड चांगलं: ऐन, किंजळ, बाभूळ, चिंच, सुरू. यांचे इंगळ जड होतात आणि बराच वेळ धग धरतात. मला स्वतःला चिंच आणि सुरू यांची जोडी आवडते. सुरू लवकर इंगळ देतो, चिंच ते टिकवते. वाळलेला आंबाही चालतो, पण त्याची राख लवकर होते म्हणून दीडपट लागतो. नारळाच्या करवंट्या भडकून जळतात. त्या पेटवणीला आणि सुरुवातीच्या डागणीला (मांसाला बाहेरून रंग आणायला) उत्तम, पुढे नको. सोडणं (नारळावरची काथ्याची सालं) नुसती धुमसतात, ती पेटवण्यापुरतीच.

काय कधीच वापरायचं नाही:

काजूची टरफलं: त्यांतल्या तेलाचा धूर कातडीला, डोळ्यांना आणि छातीला जाळतो. बिब्ब्याचं लाकूडही त्याच रांगेतलं.

कण्हेर: सगळं झाड विषारी. तिची काठी मांसात खुपसायला किंवा इंगळ हलवायलाही नको.

जुन्या होडीच्या फळ्या: रंग, डांबर, खिळे. त्या कितीही कोरड्या असल्या तरी त्यांचा धूर अन्नाला लागू देऊ नका.

भरतीने किनाऱ्यावर आणलेलं लाकूड: मिठाने भरलेलं असतं, जळताना घातक वायू सोडतं.

कांदळवनातलं कुठलंही लाकूड: ते तोडणं गुन्हा आहे, आणि त्यातल्या काही झाडांचा चीक नि धूर डोळ्यांना अपाय करतो.

दोन किलोच्या तुकड्याला, पाच तासांच्या भाजणीला, साधारण २० किलो सुकं लाकूड हाताशी ठेवा. मनगटाएवढ्या जाडीच्या, हातभर लांबीच्या फोडी सोयीच्या. मांडीएवढे ओंडके इंगळ व्हायला फार वेळ घेतात.

## ३. आदल्या रात्री: मीठ

मसाल्यावर मी फार बोलणार नाही. प्रत्येक घराचा हात वेगळा. मिठाचं मात्र ठरलेलं आहे: दर किलोला १५ ग्रॅम, म्हणजे दोन किलोला ३० ग्रॅम, वजन करून. आदल्या रात्री तुकडा धुतला असेल तर स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडा करा, सगळीकडून मीठ चोळा आणि ताटलीत उघडाच फ्रीजमध्ये ठेवा. पहिल्या तासात पाणी सुटेल, रात्रभरात ते मिठासकट परत आत मुरेल, आणि सकाळी पृष्ठभाग हाताला कोरडा, जरा चिकट लागेल. हा कोरडेपणा महत्त्वाचा आहे. ओल्या तुकड्याची सुरुवातीची सगळी धग पाणी उडवण्यात जाते आणि रंग येतच नाही.

सकाळी भरडलेली काळी मिरी दोन चमचे आणि सात-आठ तिरफळांची भरड लावा. तिरफळाचं काळं बी काढून टाका, फक्त साल घ्या. एवढंच. आलं-लसणाचं वाटण, लाल तिखट, कांदा, खोबरं यांतलं काहीही या वेळी लावायचं नाही. हे सगळं अर्ध्या तासात करपतं आणि कडू होतं. वाटणाची वेळ पुढे येणार आहे.

सावध: कच्ची पपई मांसाच्या आत शिरत नाही, वरचाच थर पचवते. रात्रभर लावली तर बाहेर लगदा आणि आत तसाच निबर तुकडा. लांब भाजणीला तिची गरज नाही. दह्यात किंवा सिरक्यात रात्रभर बुडवून ठेवण्याचीही नाही.

## ४. चुलाण: एक नाही, दोन

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. शिजवायची आग वेगळी आणि इंगळ करायची आग वेगळी. एकाच चुलाणात मांसाखाली नवीन लाकूड सारलं की प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटं जाळ आणि कच्चा धूर मांसाला लागतो. पाच तासांत असं दहा वेळा झालं की चव गेलीच.

मोठं चुलाण: कोरड्या जांभ्या चिऱ्यांची तीन बाजूंची भिंत, आत साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद जागा. भिंत दोन थरांची. वर जाड लोखंडी सळ्यांची जाळी, इंगळांपासून एक वीतभर उंच. हे शिजवायचं.

छोटं चुलाण: दोन हात अंतरावर तीन दगड किंवा उघडा खड्डा. यात सतत लाकूड जळत राहील आणि इथून लोखंडी खोऱ्याने इंगळ उचलून मोठ्या चुलाणात न्यायचे.

मोठ्या चुलाणात इंगळ फक्त अर्ध्या भागात पसरायचे. मांस दुसऱ्या अर्ध्या भागावर, ज्याच्या खाली काहीही नाही. त्याखाली पाण्याचा पसरट टोप ठेवलात तर गळणारी चरबी त्यात पडते आणि भडका उडत नाही.

झाकण म्हणून जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) मोठं पातेलं मांसावर पालथं घाला आणि इंगळांच्या बाजूने त्याची कड विटेच्या तुकड्यावर दोन बोटं उचलून ठेवा. त्या फटीतून ऊब आणि पातळ धूर आत जातो. झाकणाशिवाय वरची बाजू थंड राहते आणि मग लोक दर दहा मिनिटांनी तुकडा उलटत बसतात.

सावध: नदीतले, वहाळातले गोल गोटे वापरू नका. आत पाणी असतं, तापले की फुटून उडतात. पावसात भिजलेला चिराही तडकतो. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी किंवा छपराचा पत्रा आगीवर ठेवू नका. तापल्यावर त्याची वाफ विषारी असते.

जागा: उघडं अंगण. गवताची गंजी, पेंढ्याची उडवी, झावळांचं छप्पर यांच्यापासून लांब, आणि फेब्रुवारी ते मे काजूच्या बागेत अजिबात नको. एक ठिणगी वणव्याला पुरते. पाण्याच्या दोन बादल्या आधी भरून ठेवा, नंतर नाही. समुद्राच्या वाळूत आग पेटवायचा मोह होतो, पण वाळूत पुरलेले इंगळ तासन्‌तास गरम राहतात आणि दुसऱ्या कुणाचा तरी पाय भाजतो. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर तर हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात, तिथे आग आणि उजेड नकोच.

## ५. वारा आणि घड्याळ

किनाऱ्यावर दुपारी खारा वारा चढतो आणि सूर्य मावळताना पडतो. मतलई रात्री उशिरा सुटतो. म्हणून मोठ्या चुलाणाची एक भिंत समुद्राकडे, पश्चिमेला. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. इंगळ पश्चिमेच्या भिंतीशी, मांस पूर्वेला. भिंतीवरून येणारी थोडीशी झुळूक मग ऊब मांसाकडे नेते. चुलाणाचं तोंडच पश्चिमेला ठेवलं तर वारा भात्यासारखा घुसतो आणि इंगळ अर्ध्या वेळात जळून जातात.

रात्री आठला जेवायचं असेल तर:

दुपारी १२ ला छोटं चुलाण पेटवा.
सव्वाला मांस आगीवर.
पावणेचारच्या सुमारास पानात गुंडाळणं.
सहाच्या आसपास तयार.
मग तासभर विसावा, आणि उरलेला एक तास उशिरासाठी राखीव. तो लागतोच. मांस लवकर झालं तर गुंडाळून गरम ठेवता येतं. उशीर झाला तर आग वाढवून घाई करता येत नाही.

## ६. इंगळ आणि भाजणी

छोट्या चुलाणात पातेरा, काटक्या, दोन-चार करवंट्या आणि त्यावर फोडी उभ्या रचा. रॉकेल, डिझेल, प्लॅस्टिकची पिशवी यांतलं काहीही नको. त्याचा वास शेवटपर्यंत राहतो. पहिला तास फक्त जाळ होऊ द्या. फोडी मोडून लाल झाल्या, वर राखेची पातळ साय आली, ज्वाळा बसल्या, की ते इंगळ वापरायचे.

तपासा, हाताने: इंगळांच्या वर, जाळीच्या उंचीवर, तळहात धरा आणि सावकाश आकडे मोजा. तीनच्या आत हात काढावा लागला तर डागणीला योग्य. आता मांस जिथे ठेवणार तिथे हात धरा. आठ ते दहापर्यंत धरता आला पाहिजे. पाचलाच काढावा लागत असेल तर इंगळ भिंतीकडे ओढा.

तपासा, डोळ्यांनी: धूर पातळ, निळसर, जवळजवळ न दिसणारा हवा. पांढरा, दाट धूर निघत असेल तर मांस ठेवू नका, थांबा. दहा मिनिटं उशीर परवडतो.

पहिली पंधरा मिनिटं तुकडा थेट इंगळांवर, दर दोन-तीन मिनिटांनी फिरवत, सगळ्या बाजूंना तपकिरी रंग येईपर्यंत. काळा नव्हे. उलटायला चिमटा किंवा दोन उलथणी घ्या. मग तुकडा थंड बाजूला सरकवा, चरबीची बाजू वर, जाड टोक इंगळांकडे, आणि पातेलं पालथं घाला.

इथून पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि तेच खरं काम आहे. दर वीस-पंचवीस मिनिटांनी छोट्या चुलाणातून एक खोरं इंगळ आणा, जुन्यांच्या बाजूला ओता, राख मागे ओढा. छोट्या चुलाणात दोन फोडी टाका. तासातून एकदा मांस आडवं फिरवा, म्हणजे इंगळांकडची बाजू बदलेल. प्रत्येक वेळी झाकण उघडून बघू नका. उघडलं की जमलेली ऊब जाते आणि वेळ लांबतो.

आवाजाकडे कान द्या. टोपात चरबीचा थेंब पडतो, मग क्षणभर शांतता, मग दुसरा थेंब: आग बरोबर आहे. सतत चरचर ऐकू येत असेल तर धग जास्त आहे. काहीच ऐकू येत नसेल तर इंगळ घालायची वेळ होऊन गेली.

## ७. आकडा बघणं, आणि मधल्या घरात न अडकणं

मांसात टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या. बोटाने दाबून, सुरी खुपसून, रस कोणत्या रंगाचा येतो ते बघून अंदाज येतो तो खूप वर्षांच्या हाताला. नवा थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात बुडवून बघा. आपण समुद्रसपाटीला आहोत, १०० च्या आसपास दाखवला पाहिजे. टोक तुकड्याच्या बरोबर मध्यात हवं, हाडाला किंवा जाळीला टेकलेलं नको.

चूक कुठे होते ते सांगतो. लोक खांद्याचा तुकडा ७० ते ८० अंशांना काढतात. तोवर तो पूर्ण शिजलेला असतो, लाली गेलेली असते, म्हणून वाटतं की झालं. पण या टप्प्यावर मांसातलं पाणी पिळून निघालेलं असतं आणि पांढऱ्या शिरा अजून विरघळलेल्या नसतात. कोरडं आणि निबर, दोन्ही एकदम. “जास्त भाजलं गेलं” असं म्हणून पुढच्या वेळी आणखी लवकर काढतात आणि आणखी निबर खातात. खरं तर तो तुकडा अर्ध्या वाटेवरच उतरवलेला असतो.

खांदा, सीना, मानेजवळचा तुकडा: ९० ते ९५ अंश. इथे पोचल्यावर शिरा वितळून मांस ओलसर आणि मऊ होतं. सुरीचं टोक लोण्यात गेल्यासारखं शिरलं पाहिजे. आकडा ९२ आणि सुरी अडकते, तर अजून अर्धा तास.

अंडरकट: उलटा हिशेब. त्यात वितळायला काही नाहीच. आधी थंड बाजूला झाकणाखाली ५५ अंशांपर्यंत, मग इंगळांवर भरभर रंग आणून ६३ ते ६५ ला उतरवा. विसाव्यात तो आणखी तीन-चार अंश चढतो. सगळं मिळून तासाभराचं काम. पानात गुंडाळायची गरज नाही. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई असेल तर ७० पर्यंत न्या. थोडा कोरडा होईल, चालेल.

खांद्याचा आकडा ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी अडतो. तासभर हलतच नाही. मांसातून पाणी बाहेर येऊन उडत असतं आणि घाम आल्यावर अंग गार होतं तसं ते मांसाला गार ठेवतं. इथे घाबरून आगीत लाकडं कोंबू नका. हीच गुंडाळायची वेळ.

## ८. केळीचं पान आणि वाटण

तीन-चार मोठी केळीची पानं इंगळांवर क्षणभर फिरवून नरम करा, म्हणजे दुमडताना फाटणार नाहीत. एकावर एक आडवी-उभी पसरा. आता वाटणाची वेळ: वीस पाकळ्या लसूण, दोन इंच आलं, चार हिरव्या मिरच्या पाट्यावर वाटून त्यात तीन चमचे खोबरेल आणि दोन चमचे कोकमाचं आगळ. आगळात आधीच भरपूर मीठ असतं, म्हणून या वाटणात मीठ घालायचं नाही. इथे हात सुटला की अख्खा तुकडा खारट.

वाटण तुकड्यावर सगळीकडे लावा, पुठ्ठा असेल तर चरबीचा पापुद्रा वर ठेवा, पानांत घट्ट गुंडाळा, बांधा, आणि परत थंड बाजूला झाकणाखाली. बाहेरचं पान सुकून काळं पडेल, पडू दे. आतलं पान हिरवट-तपकिरी राहिलं म्हणजे धग बरोबर होती. पुठ्ठा असेल तर ६५ ची वाट न बघता ५५ लाच गुंडाळा.

अंडरकटला पान नाही, पण शेवटच्या पाच मिनिटांत हेच वाटण पातळ करून गवती चहाच्या जुडीने फटकारत लावा. पाती ठेचून घेतल्या की तिचा ब्रश होतो आणि वासही उतरतो.

## ९. विसावा आणि काप

आगीवरून काढल्याबरोबर सुरी लावली की रस फळीवर वाहून जातो. खांद्याचा तुकडा पानासकट जाड गोणपाटात किंवा जुन्या चादरीत गुंडाळून टोपात तासभर ठेवा. अंडरकट पंधरा मिनिटं, नुसता झाकून. पानात जमलेला रस फेकू नका. तो गाळून कापलेल्या मांसावर ओतायचा.

कापण्याआधी मांसाचे धागे कोणत्या दिशेने जातात ते बघा. सुरी त्या धाग्यांना आडवी चालली पाहिजे. उभी चालवली तर पाच तासांच्या मेहनतीनंतरही प्रत्येक घासात लांब दोऱ्या चावाव्या लागतात. खांद्यात मध्येच दिशा बदलते. तिथे तुकडा वळवून घ्या. अंडरकटचे काप बोटाच्या निम्म्या जाडीचे, खांद्याचे बोटभर, नाहीतर तो सुटून येतो.

सोबत तांदळाची भाकरी, कापलेला कांदा आणि तो गाळलेला रस. दुसरा रस्सा करू नका, याची चव दबते.

## १०. काही बिघडलं तर

बाहेर करपतंय, आत ५० सुद्धा नाही: पान लगेच गुंडाळा, इंगळ निम्मे ओढून काढा. करपलेला भाग नंतर तासता येतो.

धूर अचानक पांढरा झाला: छोट्या चुलाणातून अर्धं जळलेलं लाकूड मोठ्यात आलंय. चिमट्याने उचलून परत टाका.

पावसाची सर आली: मोठ्या चुलाणावर छत्री-ताडपत्री धरत बसू नका. पानात गुंडाळलेला तुकडा झाकणाच्या टोपात घालून घरातल्या चुलीवर मंद आचेला, टोपात वाटीभर पाणी घालून पुढे न्या. धुराची चव तोवर उतरलेली असते.

अंधार पडला आणि आकडा ८५ वर आहे: जेवण उशिरा करा. ८५ ला काढू नका.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत, आणि मे महिन्याच्या उकाड्यात तासाभरात, उथळ डब्यांत भरून फ्रीजमध्ये. रस वेगळा ठेवा. तीन दिवसांत संपवा, आणि गरम करताना तव्यावर कोरडं परतू नका; त्याच रसात, झाकण ठेवून, वाफ येईपर्यंत.

चुलाणावर आधी पाणी ओता, राख खोऱ्याने हलवा, परत ओता. हात वर धरून ऊब लागत नाही ना ते बघा. वरून गार दिसणाऱ्या राखेत पहाटेपर्यंत इंगळ जिवंत असतो, आणि पहाटे मतलई वाहत असतो.